वनस्पतींच्या मत्स्यटाकीसाठी तळाचा थर आणि फिल्टर कसा निवडावा

गोड्या पाण्याच्या टाकीत वनस्पती लावायचे ठरले की तळाच्या थराचा निर्णय आधी घ्यावा आणि फिल्टरचा नंतर, कारण फिल्टर केव्हाही बदलता येतो. थर बदलायचा म्हणजे मासे, झाडे आणि पाणी बाहेर काढून सगळी टाकी नव्याने मांडणे आले.

साधी वाळू किंवा २ ते ३ मिलिमीटरची खडी झाडांना पोषण देत नाही, पण ती वर्षानुवर्षे टिकते आणि पाण्याचे गुणधर्म सहसा बदलत नाही. अपवाद चुनखडीयुक्त खडीचा. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला, तर ती पाण्याचे काठिण्य वाढवणार हे समजावे. ॲक्वासॉइल, म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे, अन्नद्रव्ये धरून ठेवतात आणि मुळांना पुरवतात. ते पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कली पातळी) आणि कार्बोनेट काठिण्यही (पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटांचे प्रमाण) खाली आणतात, जे टेट्रा माशांना मानवते, मात्र गप्पी आणि मॉली माशांना नाही. सुरुवातीचे काही आठवडे या दाण्यांतून अमोनिया सुटतो, त्यामुळे पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तितकेच घातक नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नयेत. पुढे पोषण संपत जाते, दाण्यांचाही भुगा होतो. बागेतली माती खाली घालून वर खडी पसरण्याचा मार्ग स्वस्त आणि समर्थ आहे, परंतु रोपे वारंवार हलवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक उपटलेल्या मुळाबरोबर गाळ वर येतो.

खरा निवाडा मात्र झाडेच करतात. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधून वाढतात, त्यांचे आडवे खोड पुरले तर कुजते, म्हणून केवळ तीच लावायची असतील तर ॲक्वासॉइलवरचा खर्च वाया जातो. क्रिप्टोकोरिन आणि ॲमेझॉन स्वोर्ड मुळांवाटे भरपूर खातात; त्यांना वाळूत खताच्या गोळ्या खोचल्या तरी पुरते. जमिनीलगत पसरणारा हिरवा गालिचा हवा असेल, तर मी ॲक्वासॉइलच घ्यायला सांगेन.

फिल्टरची निवड झाडांच्या वाढीसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडणार की नाही, यावर बरीचशी ठरते. हवेच्या पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरचा प्रवाह सौम्य असतो आणि कोळंबीची पिल्ले त्यात ओढली जात नाहीत, पण त्याचे बुडबुडे पृष्ठभाग ढवळून दिलेला वायू उडवून लावतात. वायू बाहेरून द्यायचाच नसेल तर हा दोष उरत नाही आणि लहान टाकीला त्याहून अधिक काही लागतही नाही. काठावर टांगायचा फिल्टर मधला पर्याय आहे, फक्त पाण्याची पातळी वर ठेवून धार उंचावरून पडू देऊ नये. वायू दिला जाणाऱ्या मोठ्या टाकीला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, योग्य, कारण त्याची परतीची नळी पाण्याखाली ठेवता येते. उघडून धुण्याचा व्याप मात्र पत्करावा लागतो. खडीखालचा फिल्टर वनस्पतींच्या टाकीत टाळावा, मुळे त्यात अडकतात.

टाकीच्या क्षमतेच्या ५ ते १० पट पाणी दर तासाला फिरावे, असा अंदाज धरतात. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो, तेव्हा थोडी वरची क्षमता घेऊन गरजेप्रमाणे प्रवाह कमी करणे सोयीचे पडते.