मूळव्याधीचं ‘एक इंजेक्शन, कायमची गॅरंटी’: पुण्यात लोक कसे फसतात

स्वारगेट, हडपसर, कात्रज, कुठल्याही बसथांब्याजवळच्या खांबावर पत्रक असतं: मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन बरे. तिथे जाऊन पोळलेल्यांची हकिगत जवळजवळ एकच. टॉर्च मारून बघितल्यासारखं करतात, ‘चार कोंब आहेत’ म्हणतात आणि कोंबामागे काही हजार मागतात. रोख, पावती नाही. ‘आज नाही केलं तर कॅन्सर होईल’ हे वर. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही.

पैसे नंतर जातात, फसवणूक आधी निदानात होते. मूळव्याधीचे कोंब म्हणजे गुदद्वारातल्या फुगलेल्या शिरांच्या गाठी, आणि त्या बहुतेक वेळा आत असतात. हातमोजा घालून बोटाने तपासल्याशिवाय आणि प्रॉक्टोस्कोप (गुदद्वारात आत बघायची छोटी नळी) घातल्याशिवाय ते किती, कोणत्या पायरीचे म्हणजे किती वाढलेले, हे सांगता येत नाही. आतल्या कोंबातून लालभडक रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही. शौचाला काच कापल्यासारखं दुखत असेल तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर असते, आणि त्यालाच कोंब ठरवून सुई टोचली जाते.

मग बरं वाटतं, ते का? मूळव्याधीचं रक्त येतं आणि अनेकदा चार-आठ दिवसांत आपोआप थांबतं. सोबतच्या पुडीत सोनामुखीसारखं जुलाबाचं काही असलं की शौच सैल होऊन कुंथणं थांबतं. श्रेय इंजेक्शनला जातं, त्रास महिन्या-दोन महिन्यांनी परततो.

इंजेक्शन हा प्रकार खोटा नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. सर्जनही देतात: बदामतेलात ५ टक्के फिनॉल किंवा पॉलिडोकॅनॉल, कोंबाच्या मुळाशी, वेदना न कळणाऱ्या वरच्या भागात, आणि तेही मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या कोंबाला. भोंदूच्या बिनलेबल बाटलीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. दाहक द्रव खाली किंवा खोल गेला की मांस कुजतं. काही दिवसांनी काळा तुकडा पडतो आणि ‘बघा, कोंब गळाला’ म्हणून तोच पुरावा दाखवतात. जखम भरताना आकसते, गुदद्वार करंगळीही जाणार नाही इतकं अरुंद होऊ शकतं. स्नायू जळला तर शौच रोखता येत नाही. इंजेक्शननंतर ठणका वाढत गेला, ताप आला किंवा लघवी अडली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

खरे उपचार पायरीप्रमाणे ठरतात. नुसतं रक्त येतं, ती पहिली पायरी: इसबगोल दोन चमचे, भरपूर पाण्यासोबत (पाणी कमी पडलं तर मळ आणखी घट्ट होतो), भाकरी, पालेभाज्या, कडधान्यं आणि शौचालयात मोबाइल न नेणं. कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो, ती दुसरी: बहुतेकांचं कोंबाच्या मुळाशी रबर बँड बसवून तो गळवण्यावर भागतं. बोटाने ढकलावा लागतो, ती तिसरी, आणि जातच नाही, ती चौथी: इथे ऑपरेशनचा विचार येतो. म्हणून पहिल्याच भेटीत, पहिल्या पायरीला ‘लेसर करून टाकू, कॅशलेस बसतं’ म्हणणारा चकचकीत दवाखानाही संशयास्पदच. भगंदरासाठी (गुदद्वाराजवळची पू वाहणारी नळी) क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा, हा मान्य उपचार आहे, पण शल्यतंत्र म्हणजे आयुर्वेदातली शस्त्रक्रिया शिकलेल्या वैद्याकडून.

चाळिशीनंतर रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, तर मूळव्याध समजून पुडी घेत बसू नका. मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होतो.

दारावरच्या नावापुढचा नोंदणी क्रमांक पडताळा: ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेदासाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. १९६१च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे नोंदणीशिवाय व्यवसाय हा गुन्हा आहे. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागात आणि पोलिसांत द्यायची. लाजेपोटी लोक पुडी फेकून देतात. तसं करू नका: पत्रक, उरलेली पुडी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांचे कागद जपून ठेवा.