कमी तापमानात चालणारा बाहेरचा रंग : एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

पाण्यात मिसळणाऱ्या नेहमीच्या बाह्यरंगांना साधारण १० अंश सेल्सिअस तापमान लागते. या ॲक्रिलिक रंगाच्या डब्यावर २ अंश छापलेले होते आणि हंगाम सरल्यामुळे रंगारी कमी मजुरीत तयार होता, म्हणून शरद ऋतूच्या अखेरीस घराच्या लाकडी भिंतींचे काम उरकून घेतले.

माझा मुख्य आक्षेप त्या ‘२ अंशां’वर आहे. हे तापमान हवेचे की भिंतीचे, दुपारचे की पहाटेचे, याचा डब्यावर कुठेही खुलासा नाही. पाणी उडून गेल्यावर रंगातील सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग थर तयार होतो, आणि ही क्रिया ब्रश खाली ठेवल्यावरही कित्येक तास चालू असते. त्यातच निरभ्र रात्री भिंत उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव धरते. भिंतीचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होऊ लागते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी अधिक असावे, हा रंगकामातील सर्वमान्य नियम छापायला डब्यावर जागा नव्हती. चकचकीत घराच्या चित्राला मात्र होती.

दक्षिणेची भिंत उत्तम निघाली. सावलीतल्या उत्तरेच्या भिंतीवर मात्र खिडकीखालून तपकिरी ओघळ उतरले, बोट लावले तर साबणासारखे बुळबुळीत. विक्रेत्याने आधी रंगाऱ्याला दोष दिला, मग लाकडाला, आणि शेवटी मूळ पावती मागितली. तेव्हा लिहायला बसलो असतो तर पाचपैकी एकच गुण दिला असता.

पुढे ते मत बदलावे लागले. रंग कच्चा असताना दव पडले की त्यातील पाण्यात विरघळणारे साबणी घटक पृष्ठभागावर येतात, तेच हे ओघळ. साध्या पाण्याने धुतल्यावर ते बहुतेक निघून गेले आणि बर्फ वितळल्यावरही खालचा थर शाबूत आढळला. पापुद्रे सुटले ते फक्त फळ्यांच्या कापलेल्या टोकांशी, जिथून लाकूड पाणी शोषते. त्याचा दोष या रंगाला देता येणार नाही.

रंगाला चार गुण, डब्यावरील मजकुराला शून्य. वाचलेली मजुरी शिडी लावून भिंत धुऊन घेण्यात गेली, त्यामुळे पुढच्या खेपेस उत्तरेची भिंत भर उन्हाळ्यात, नेहमीच्या स्वस्त रंगाने रंगवून घेणार आहे.