थिअरी करून देतो, छापूनही देतो: गोव्यातल्या एका संशोधिकेची फसवणूक

खाजन शेतीवर (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीवर) पीएचडी करणाऱ्या एका संशोधिकेचे पैसे गेले, मुलाखती गेल्या आणि पेपरही अडकला. तिचे नाव देत नाही. प्रकार मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण असे मेसेज संशोधकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सतत येत असतात: 'मुलाखती पाठवा, ग्राउंडेड थिअरी आम्ही करू, तीस दिवसांत स्कोपस जर्नल.' ग्राउंडेड थिअरी म्हणजे मुलाखतींतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत, आणि स्कोपस ही संशोधन-जर्नलांची नावाजलेली सूची.

तिचा विषय होता बांध आणि मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा. मानशीच्या झडपेतून भरतीचे पाणी किती आत घ्यायचे, यावरून गावात भांडणे होतात. मानशीवरची मासेमारी पावणीत (लिलावात) जो घेतो त्याला खारे पाणी हवे असते, शेतकऱ्याला तेच नको असते. कोकणीतल्या मुलाखतींचे सगळे उतारे तिने पहिल्या हप्त्यासोबत पाठवून दिले.

परत आलेला पेपर दिसायला चोख होता. ओपन, अॅक्सियल, सिलेक्टिव्ह कोडिंग (मुलाखतीतल्या ओळींना नावे, म्हणजे कोड, देऊन ती जुळवण्याच्या पायऱ्या), चौकटी आणि बाणांची आकृती, 'सॅच्युरेशन गाठले', म्हणजे आता नवे काही निघत नाही, हे वाक्यही. पण एकाही कोडखाली मुलाखतीतली ओळ नव्हती. मानशीचे सगळे भांडण 'भागधारकांमधील संघर्ष' या एका नावाखाली कोंबलेले. हे नाव खाणीला, किनाऱ्याला, कशालाही चालेल. तिच्या उताऱ्यांत एक माणूस असा होता, ज्याची खाजनात शेतीही होती आणि मानसही त्यानेच घेतली होती. थिअरीला वळण देणारी केस तीच, आणि पेपरमध्ये ती कुठेच नव्हती.

ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या ग्राउंडेड थिअरीत मुलाखती आणि विश्लेषण एकत्र चालतात. पहिल्या काही मुलाखती कोड करायच्या, मेमो (सुचलेल्या विचारांची टिपणे) लिहायचे, आणि त्यातून जो प्रश्न उरतो तो पुढे कोणाला भेटायचे हे ठरवतो. म्हणूनच सगळ्या मुलाखती संपल्यावर परक्या माणसाला गठ्ठा दिला की 'सॅच्युरेशन' हा शब्दच खोटा ठरतो. त्याला परत शेतात जाऊन विचारायची सोयच नसते. जाणकार रिव्ह्यूअर नेमके हेच विचारतो: प्रश्न कोणत्या मुलाखतीनंतर बदलला, उलट जाणारी केस कोणती, कॅटेगरीत नवे काही निघणे कधी थांबले?

इथे रिव्ह्यू झालाच नाही. चार दिवसांत 'अॅक्सेप्टेड', एकही शेरा नाही, आणि पैसे एका खासगी यूपीआय खात्यावर. ती वेबसाइट खऱ्या जर्नलची नक्कल होती. नाव खरे, आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक) खरा, संपादकांची नावेही उचललेली. आयएसएसएन ही नुसती ओळखखूण आहे, दर्जाशी तिचा संबंध नाही. पेपरवर छापलेला डीओआय (पेपरचा ओळख-क्रमांक) डीओआय डॉट ऑर्गवर टाकला तर उघडतच नव्हता. ही तपासणी मिनिटभराची आहे. जर्नलच्या साइटवरून इंडेक्सकडे (स्कोपससारख्या सूचीकडे) कधीच जाऊ नका. आधी स्कोपसची सोर्स यादी आणि आयएसएसएन पोर्टल उघडा, प्रकाशक कोण ते पाहा, मग त्या प्रकाशकाच्या साइटवरून जर्नल गाठा. नकली जर्नलांचे पेपर स्कोपसमध्येही शिरलेले आहेत, तेव्हा एका संपादकाला त्याच्या विद्यापीठाच्या पानावरच्या ईमेलवर विचारून घ्या.

'यूजीसी केअर' असे लिहून कोणी आज पेपर मागत असेल तर तिथेच थांबा. मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. 2022 च्या पीएचडी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही राहिलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय तो गाइडला विचारा. पेपर नसेल तर प्रबंध अडेल, या भीतीपोटीच घाई होते.

पेपर मागे घ्यायला तिच्याकडे आणखी पैसे मागितले. ते अजिबात देऊ नयेत, दिले की मागणी वाढते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात आणि रोखता येत नाहीत. यूपीआय व्यवहाराचा नंबर, चॅट आणि वेबसाइटचे स्क्रीनशॉट जपावेत. पेपर मागे घेत असल्याचा ईमेल नकली जर्नलवाल्यांना पाठवून प्रत गाइडला द्यावी, आणि खऱ्या जर्नलच्या संपादकाला नक्कल कळवावी. पुढे दुसऱ्या जर्नलला पेपर देताना हा सगळा पत्रव्यवहार पहिल्याच पत्रात जोडावा; लपवला तर एकच पेपर दोनदा छापल्याचा ठपका येतो.

उताऱ्यांत गावाची, वाड्याची आणि माणसांची नावे होती. ज्यांनी विश्वासाने मानशीचे भांडण सांगितले, त्यांना आपले बोलणे बाहेर गेल्याचे संशोधकाने स्वतः जाऊन सांगायला हवे, आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीला लेखी कळवायला हवे.