देवबागची डॉल्फिन बोट: जानेवारीत पाच स्टार दिले होते, आज दोन केलेत

आधी काय झालं ते सांगते. जानेवारीत आम्ही कोल्हापूरहून मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो, मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. तिथे डॉल्फिन, संगम आणि त्सुनामी आयलंड असं सगळं एकत्र दाखवणारी बोट घेतली, माणशी 400 रुपये, आणि उतरल्या उतरल्या, पाय अजून ओले होते, तेव्हाच मी पाच स्टार देऊन टाकले. खाली लिहिलं "अप्रतिम अनुभव, फॅमिलीसाठी बेस्ट". बास एवढंच. परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला की अगं तुझा रिव्ह्यू दिसला, आम्ही तीच बोट बुक करतोय. तिची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मी "हो हो मस्त आहे" म्हणून फोन ठेवला आणि रात्री झोपच येईना, कारण मस्त काय होतं आणि काय नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं आणि मी त्यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

म्हणून हा खरा रिव्ह्यू. बोटवाल्याचं नाव इथे घालत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि मी जे बघितलं ते शेजारच्या बोटींतही दिसत होतं.

दुपारी साडेतीनला निघालो. बोट फायबरची, वर ताडपत्रीचं छप्पर, मागे बाहेरून लावलेलं इंजिन. बाजूला प्रवासी संख्या रंगवलेली होती, 12. आम्ही लहान मुलं धरून 15 जण बसलो होतो. हे मी मोजलं कधी, तर परत घरी येऊन फोटो बघताना. लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाली हे खरं, पण मुलाला मोठ्या माणसाचंच जॅकेट दिलं, आणि त्याचा खालचा बेल्ट तुटका होता. फोटोत तो हसतोय आणि जॅकेट कानापर्यंत वर आलंय. तेव्हा ते गोड वाटलं होतं. आता कळतंय की मुलगा पाण्यात पडला असता तर तो खाली आणि जॅकेट वर असं झालं असतं. मुलाचं जॅकेट तपासायची सोपी रीत आहे, जॅकेट घालून सगळे बेल्ट लावायचे आणि खांद्याला धरून वर उचलायचं, हनुवटी आत गेली तर ते माप चुकीचं. दहा सेकंद लागतात. मी केलं नाही.

मग संगम. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते ती जागा बघायला फार सुंदर आहे, एका बाजूला देवबागची वाळूची निमुळती पट्टी, समोर भोगव्याचा डोंगर, मध्ये हिरवं-निळं पाणी. पण डॉल्फिन बघायला बोट खाडीतून बाहेर समुद्रात काढावी लागते आणि त्या तोंडाशी वाळू साठलेली असते, पाणी उथळ, लाटा तिथे फुटतात. त्या दिवशी पौर्णिमेनंतरची प्रतिपदा होती. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगेल, म्हणजे प्रतिपदेला साधारण पाऊण वाजता पूर्ण भरती. मग आम्ही चारच्या सुमाराला तोंडाशी पोचलो तेव्हा ओहोटी अगदी जोरात, त्यात उधाणाचे दिवस, खाडीतलं सगळं पाणी बाहेर धावतंय, आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून लाटा आत ढकलतोय. दोन्ही समोरासमोर. बोट वर गेली आणि धाडकन आपटली, असं पाच-सहा वेळा. आईच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, ती पुढच्या फळीवर बसली होती, आणि पुढच्या टोकाला मार सगळ्यात जास्त बसतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिने तोंडातून आवाज काढला नाही, फक्त माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. नंतर तीन दिवस ती मुक्कामाच्या खोलीत आडवी होती.

तांडेलाबद्दल, म्हणजे बोट चालवणाऱ्याबद्दल, मात्र चांगलंच लिहीन. बोट त्याने फार छान काढली, लाट यायच्या आधी इंजिन कमी करत होता, बोट तिरकी घेत होता, एका हातात सुकाणू आणि नजर एकसारखी पुढे. त्याचं कौशल्य बघण्यासारखं होतं. पण तो मालकाच्या हाताखालचा माणूस, फेरी किती वाजता काढायची आणि किती माणसं भरायची हे त्याच्या हातात नाही.

आता मला पडलेला प्रश्न. जायच्या आधी मी या बोटीचे चाळीसेक रिव्ह्यू वाचले होते, अगदी मन लावून, आणि त्यातल्या एकातही संगमाच्या तोंडाशी बोट आपटते हे नव्हतं. एकातही वेळ नव्हती. तिथी तर सोडाच, महिना पण नव्हता. "भारी", "वन्स इन अ लाइफटाइम", "दादांचा स्वभाव खूप छान", "डॉल्फिन दिसले!!" आणि सोबत सेल्फी. हे लोक खोटं बोलत नव्हते. मी पण खोटं बोलले नव्हते, डॉल्फिन दिसल्यावर मुलगा ज्या आवाजात ओरडला तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही, त्या क्षणाला पाच काय दहा स्टार दिले असते. पण ते स्टार समुद्राचे होते, सुट्टीचे होते, बोटीचे नव्हतेच.

हे सगळीकडे असंच आहे, आल्यापासून मी मुद्दाम वाचत बसलेय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीचे रिव्ह्यू बघा. दहातले आठ जण किल्ल्याबद्दल लिहितात, कुरटे बेट, 25 नोव्हेंबर 1664 ला बांधकाम सुरू झालं, शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे. सगळं खरं, सगळं बघावंच असं. पण मालवण जेटीवरून बोटीत उतरताना सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर बोट खाली गेलेली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायरी आणि बोट यातलं अंतर ओलांडताना दोन्हीकडून धरायला माणूस लागतो, हे कुठेच नाही. (आम्हाला तिथला खलाशी फार चांगला मिळाला, बाबांना त्याने स्वतःच्या वडलांसारखं उतरवून घेतलं. त्याबद्दल मी त्या बोटीला वेगळे पाच स्टार दिलेत आणि कारण पण लिहिलंय.) राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांचं तसंच. फोटो सगळे शिडाचे आणि बुरुजांचे, पण दरवाज्याशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा तो क्षण, जो म्हाताऱ्या माणसासाठी अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात कठीण, तो कुणी लिहीत नाही.

आणि उलट बाजू बघा, एक स्टारवाले. मला वाटायचं ते कटकटे लोक असणार. आता मी पहिले तेच वाचते आणि सगळ्यांना तेच वाचायला सांगेन. कुणी लिहिलंय "वारा आहे म्हणून फेरी कॅन्सल केली, आमचा दिवस वाया", कुणी लिहिलंय "जॅकेट घातल्याशिवाय बसूच देत नव्हते, एवढ्या उकाड्यात, फोटो खराब आले", कुणी लिहिलंय "दोन माणसं जास्त होती तर घेतलं नाही, कुटुंब वेगळं केलं". अरे हाच तर बोटवाला हवा! असे तीन एक-स्टार ज्याच्या नावावर आहेत त्याच्या बोटीत मी आईला डोळे मिटून बसवेन. पण सरासरीत त्याचं रेटिंग 3.9 दिसतं आणि बारा जणांच्या बोटीत पंधरा बसवणाऱ्याचं 4.8. काही एक-स्टार तर बोटीशी संबंध नसलेलेच असतात, घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद असतात म्हणून बोटीला एक स्टार, पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद म्हणून एक स्टार. जून-जुलैत लाकडी लाँच चालवली असती तर काय झालं असतं याचा विचार करायला हवा ना.

डॉल्फिनचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे रिव्ह्यू नुसते कमी पडतात असं नाही, ते नुकसान करतात. आम्ही बाहेर पोचलो तेव्हा चार बोटी आधीच तिथे होत्या. पाठ दिसली की सगळ्या तिकडे, इंजिन फुल, गोल रिंगण. एक पिल्लू होतं आईला चिकटून. दोनदा वर आले, मग गेलेच. आमचा तांडेल म्हणाला, "ताई, आम्हाला पण नको वाटतं, पण नाही दिसले तर लोक एक स्टार देतात, मग मालक बोलतो." मला तेव्हा ते नीट ऐकू आलं नव्हतं खरं तर, नवऱ्याने नंतर सांगितलं. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, आणि आपण स्टार देतोय की दिसले का, किती जवळ दिसले. "अगदी हाताशी आले" असं लिहिलेला रिव्ह्यू वाचला की मला आता कळतं की बोट त्यांच्या अंगावर घातली असणार. इंजिन बंद करून लांब थांबणारा बोटवाला कुणाला मिळाला तर प्लीज ते लिहा, ठळक लिहा.

स्टार मिळवायची रीत पण सांगते. उतरताना धक्क्यावर एक मुलगा क्यूआर कोड छापलेलं कार्ड घेऊन उभा, "ताई पाच स्टार द्या हां, आत्ताच द्या, नंतर राहून जातं". मुलाला एक थंडगार कोकम सरबत मोफत. आता समोर उभा राहून मागितल्यावर कोण तीन देणार? गुगलच्या नियमात काहीतरी देऊन रिव्ह्यू घेणं बसत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 नावाचं मानक पण काढलंय, पण ते ऐच्छिक आहे. त्या सरबतवाल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याचं पोट आठ-नऊ महिन्यांच्या सीझनवर. मेच्या शेवटी सगळं बंद होतं ते थेट सप्टेंबरपर्यंत. पण सरबत पीत लिहिलेला रिव्ह्यू म्हणजे आभार मानणं झालं, पुढच्या माणसाला माहिती देणं नाही.

आणि माहिती द्यायलाच हवी. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ येऊन उलटली, 20 पर्यटक होते, दोन जण गेले. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा किती जणांच्या अंगावर जॅकेट नव्हती हे आपण सगळ्यांनी वाचलं, आणि त्यानंतर गेटवेला जॅकेट सक्तीचं झालं. त्यानंतर आठवड्याने, नाताळच्या दिवशी, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली, एक जण गेला. या तिन्हीनंतर महिनाभर लोक रिव्ह्यूत जॅकेटबद्दल लिहायला लागतात आणि मग परत "ऑसम" सुरू. मी भीती घालत नाहीये, कोकणात जायचं आणि बोटीत बसायचं नाही असं कसं चालेल. फक्त बसून आलेल्या माणसाने बसणाऱ्याला खरं सांगावं.

तर माझ्या जुन्या चार शब्दांच्या जागी मी आज हे टाकलंय, जसंच्या तसं देते, कुणाला उपयोग झाला तर घ्या:

"जानेवारी, पौर्णिमेनंतरची प्रतिपदा, दुपारी साडेतीनची फेरी, ओहोटी. बोटीवर 12 लिहिलंय, आम्ही 15 होतो. जॅकेट सगळ्यांना, पण लहान मापाचं नाही, एकाचा बेल्ट तुटका. संगमाच्या तोंडाशी बोट जोरात आपटते, कंबर-मणक्याचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर बाहेर समुद्रात जाऊ नका, आतल्या खाडीतली फेरी शांत आणि तितकीच सुंदर आहे. बसायचंच तर मागे बसा. डॉल्फिन दिसले, पण पाच बोटींनी घेरले होते. तांडेल अतिशय कुशल. पैसे ठरले तेवढेच घेतले. खाडीच्या फेरीला चार स्टार, बाहेरच्या फेरीला दोन."

तासाभरात मालकाचा फोन आला. नंबर बुकिंगचा होता त्याच्याकडे. मला वाटलं भांडणार, आवाज जरा चढलाच होता त्याचा, म्हणाला सीझनमध्ये असं लिहिता, आमचं नुकसान होतं. मी म्हटलं दादा, एक गोष्ट खोटी असेल तर सांगा, आत्ता काढते. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला लहान जॅकेट मागवतो, कुडाळला मिळतात. मागवली की फोटो पाठवा, मी ते पण लिहीन असं सांगितलंय. अजून फोटो आलेला नाही, आला की इथेच खाली टाकेन.

मावसबहिणीशी पण बोलले. ती पुढच्या शनिवारी जातेय, फेरी सकाळी आठची घेतलीय, तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, पाणी बशीतल्या दुधासारखं, आणि बाहेर न जाता खाडीतच फिरणार. पोरीच्या मापाचं जॅकेट इथूनच घेऊन जा म्हटलंय. काल संध्याकाळी तिने व्हिडिओ पाठवला, हॉलमध्ये पोरीला जॅकेट घालून तिचा नवरा खांद्याला धरून वर उचलतोय आणि ती पाय हलवत हसतेय. हनुवटी वरच होती.