नव्या बेलोजचे पैसे, जुन्यावर काळा रंग

म्युनिकमध्ये 1950 च्या दशकात तयार झालेल्या अ‍ॅग्फा आयसोलेट या घडीच्या फिल्म कॅमेऱ्यांची लेन्स आजही सुरेख काम देते, पण त्यांचे बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला प्रकाश अडवणारा घड्यांचा भाता, कुप्रसिद्ध आहेत. झाइस आयकॉन या दुसऱ्या जर्मन कंपनीचे त्या काळातील चामडी बेलोज अनेकदा अजून टिकून असतात; अ‍ॅग्फाच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर मात्र बारीक भोके पडतात आणि त्यांतून शिरलेला प्रकाश फिल्मवर डाग उमटवतो. माझ्या आयसोलेटचे हेच दुखणे होते. मुंबईतील एका कारागिराने नवे बेलोज बसवण्याचे 4,500 रुपये आगाऊ घेतले आणि कॅमेरा परत देताना अंधारात आतून टॉर्च लावून एकही ठिपका उजळत नसल्याचे दाखवले.

चाचणी खरी होती. बेलोज मात्र जुनेच होते, त्यांवर काळ्या रंगाचा जाड थर दिलेला होता. रंग ताजा आणि बेलोज ताणलेले असेपर्यंत भोके बुजलेली दिसतात. कॅमेरा मिटून ठेवला की उकाड्यात घड्या एकमेकींना चिकटतात, उघडताना रंगाचे पापुद्रे निघतात आणि त्यांच्याबरोबर मूळ कापडही फाटते. बेलोज बदलायचे तर शटरला मागून धरून ठेवणारे कडे सोडवून शटर काढावे लागते. माझ्या कॅमेऱ्यात त्या कड्याच्या खाचांतली जुनी धूळसुद्धा हललेली नव्हती. जाब विचारल्यावर त्याने बिलाकडे बोट दाखवले, ज्यावर ‘बेलोज काम’ एवढेच लिहिलेले होते.

म्हणून बिलावर ‘नवे बेलोज’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, काढलेले जुने बेलोज परत मागावेत (प्रामाणिक कारागीर ते आनंदाने देतो), आणि कॅमेरा काही दिवस मिटून ठेवल्यानंतर टॉर्चची चाचणी पुन्हा करण्याची मुभा ठरवूनच उरलेले पैसे द्यावेत.

लेन्सच्या ‘सर्व्हिसिंग’चीही अशीच गत झाली. अ‍ॅग्फाचे हिरवे ग्रीस कालांतराने गोंदासारखे घट्ट होते, आणि फोकसचे कडे जोराने फिरवले तर पुढच्या भिंगाबरोबर त्यामागचे भिंगही फिरते. कडे मोकळे झाल्यासारखे वाटते, फोकस मात्र बिघडलेला असतो. हे ओळखण्यासाठी फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून बसवावा, शटर उघडे ठेवावे, कडे अनंतावर (∞ या खुणेवर) आणून दूरची इमारत पाहावी आणि तिच्या कडा स्पष्ट दिसल्याशिवाय कॅमेरा ताब्यात घेऊ नये.