पुरात बुडालेली झेन: अकरा महिने आणि ९,४०० किलोमीटरनंतर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा आमची मारुती झेन गाडी घरासमोरच उभी होती. बाबांनी २००५ च्या पुराची खूण लक्षात ठेवून, त्याहून वर येईल अशा बेताने ती ओट्याला चिकटवून लावली होती. वाशिष्ठी नदीला आमच्या खुणांचं काय पडलंय. पाणी उतरलं तेव्हा गाडीच्या टपावर कुणाच्या तरी घरची प्लास्टिकची खुर्ची उलटी पडलेली आणि आत सीटच्या उंचीइतका चिखल. विमा फक्त थर्ड पार्टी. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग तीन वर्षं ताडपत्री.

गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं जुन्या पद्धतीचं साधं यंत्र असलेली. ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिन, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही, वजन जेमतेम साडेसातशे किलोच्या आसपास. हे सगळं सांगतोय कारण ती परत उभी राहिली ती याच साधेपणामुळे. शेजाऱ्यांची नवी गाडी त्याच पुरात बुडाली होती; तिचे कंट्रोल युनिट आणि सेन्सर गेले, खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी ती सोडून दिली. आमच्या गाडीत बिघडायला तेवढं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. होती ती वायर, रबर आणि लोखंड.

खेर्डीच्या मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी प्लग काढून, जाम सुटावा म्हणून चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि म्हणाले, "आठ दिवस हात लावू नको." आठव्या दिवशी पाना लावून क्रँक फिरवला, फिरला. पुढे इंजिन उघडावं लागलंच: रिंगा, बेअरिंग, सगळी पॅकिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. वायरिंगचा अख्खा संच कुर्ल्याहून, एका कापलेल्या झेनमधला आणला. इथे दोन-तीन हजार वाचवायला जुनीच वायरिंग धुऊन वापरायचा सल्ला एकाने दिला होता, तो ऐकला नाही हे बरं झालं. जुन्या वायरीचं कव्हर सोलून पाहिलं तर तांब्यावर वीतभर आतपर्यंत हिरवा बुरा चढला होता.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण जुनी गाडी बाहेर काढणारे बरेच जण हे विसरतात. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ होतं, मग चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीत गंज धरतो. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी, पंप आणि कार्ब्युरेटरचं किट बदललं. पाच हजारांच्या आत झालं. अकरा महिन्यांत पेट्रोलचा वास एकदाही आला नाही.

कागदांचं थोडक्यात. नोंदणी २०२२ मध्येच संपली होती. त्याच वर्षी एप्रिलपासून जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं होतं, त्यावर उशिराचा दंड, पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट. रंग मुद्दाम पांढराच ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि ऑलिव्ह ग्रीनच्या हौसेपायी मला आरटीओच्या आणखी चार खेपा नको होत्या.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो.

गाडी सुरू झाल्यावर अंगात आलं. व्हिडिओ बघून बघून ठरवलं की झेन खाली बसलेली हवी. स्प्रिंगा कापून दीड इंच खाली घेतली, १४ इंची अलॉय रिम आणि १६५/५५ चे टायर (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के) चढवले, हेडलाइटला झगझगीत पांढरे एलईडी लावले. मिस्त्रीकाकांनी स्प्रिंगा कापायला साफ नकार दिला, ते काम दुसरीकडे करून घेतलं. पंधरा दिवस गाडी फार देखणी दिसली, हे मान्य करायला हवं. वळणावर झुकायची नाही, रस्त्याला चिकटून वळायची.

जानेवारीत बाबांना आणि बायकोला घेऊन निघालो. चिपळूण, खेड, दापोली करत केळशी, आणि तिथून किनारा धरून खाली रत्नागिरीपर्यंत, परत हायवेने. तीन दिवस, साधारण साडेतीनशे किलोमीटर.

केळशीहून आडे, पाडले करत आंजर्ल्याला येणारा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघावा, मग बाकीचं. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्या मधून दिसणारं पाणी, दुसऱ्या बाजूला चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. गाडी इतकी अरुंद आहे की समोरून एसटी आली तरी थांबावं लागत नाही, गडग्याकडे जराशी सरकवली की झालं. तिसऱ्या गिअरला चाळीसच्या वेगात काचा खाली करून चालवायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही. आंजर्ल्याच्या अलीकडे मात्र एका खड्ड्यात डावं पुढचं चाक असं आपटलं की बाबा झोपेतून उठून म्हणाले, "उतरायचं का?" रिम वाकली होती. १६५/५५ टायरची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर, मूळच्या १४५/७० ची १०० च्या वर. कोकणातल्या खड्ड्यात हे दहा मिलिमीटर फार असतात.

खरी शोभा झाली दाभोळला. धोपाव्याला जाणारी फेरीबोट लागली होती आणि पूर्ण ओहोटी. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, खालच्या भागावर शेवाळ असतं, आणि बोटीचा फाळका, म्हणजे गाड्या चढायची फळी, त्या उताराला कोन करून टेकतो. आमच्या पुढच्या सगळ्या गाड्या चढल्या. मी पुढे घेतली तर आधी बंपरची पट्टी घासली. बोटीवरचा पोरगा ओरडला, "ओ दादा, तिरकी घ्या तिरकी! सरळ नका घालू!" तिरकी घेतली. पुढची चाकं चढली, आणि मग मधूनच खर्रर्र असा आवाज की रांगेतले सगळे मोबाइलवरून मान वर करून बघायला लागले. सायलेन्सर फाळक्यावर टेकला होता आणि पुढची चाकं फाळक्यावर जागच्या जागी फिरत होती. बायको आणि बाबा उतरले, तीन खलाशांनी मागून रेटा दिला, गाडी चढली. सायलेन्सर टांगून धरणारा हँगर मात्र तुटून सायलेन्सर लोंबायला लागला.

एका मावशींच्या टोपलीला सुंभ होतं, ते त्यांनी लगेच सोडून पुढे केलं. मी म्हटलं, "मावशी, सायलेन्सर तापतो, सुंभ जळेल." बाबा शांतपणे म्हणाले, "जळू दे रे, पीळ राहील." अख्खी बोट हसली. शेवटी पोराने कुठूनतरी बांधकामाची बारीक तार आणली आणि त्याने सायलेन्सर असा आवळला की तो हँगर मी घरी येऊन आठवड्याने बदलला.

गुहागरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, पण बामणघळीला (खडकातली फट, भरतीच्या लाटा तिच्यातून उंच उडतात) भरतीची वेळ गाठता आली नाही, कारण मी रस्ताभर प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घेत होतो. तवसाळ-जयगड बोटीला मुद्दाम भरतीपर्यंत थांबलो. बाबांनी तेवढ्यात एक झोप काढली.

आरे-वारेचा चढ हा या गाडीचा दुसरा इम्तिहान. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, मी दुसऱ्या गिअरला, दुपारचे दोन, एसी चालू. तापमानाचा काटा चढायला लागला. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. पुराच्या वेळचा तापमानाचा स्विच तेवढा बदलायचा राहिला होता. एसी बंद केला, हीटर पूर्ण चालू केला, काचा खाली. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता तो ओढून घेतो. जानेवारीत कोकणात हीटर लावून घाम पुसत समुद्र बघायचा हा अनुभव आमच्या हिला अजून आठवतो आणि ती तो पाहुण्यांना सांगते. त्याच वेळी हीटरच्या जाळीतून पुराच्या चिखलाचा सुका भुगा फुर्रकन बाहेर आला आणि डॅशबोर्डवर पसरला. साडेतीन वर्षांपूर्वीची वाशिष्ठी, वारेच्या चढावर.

परत आल्यावर जे बदललं तेच आज गाडीवर आहे. नव्या मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बर. १३ इंची साधे लोखंडी रिम, १५५/७० टायर. मूळ मापापेक्षा घेर अडीच-तीन टक्क्यांनी मोठा आहे, म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेएकसष्टच्या आसपास असते. तेवढं मला चालतं. रुंद टायरमुळे उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड झालंय, बाजारपेठेत पार्किंग करताना दंडाला कळतं. पंख्याला नवा स्विच, शिवाय डॅशबोर्डवर हाताने चालू करायचं एक बटण. अलॉय निम्म्या किमतीत विकले, वाकलेला एक गच्चीवर तुळशीखाली आहे.

दिव्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तिथे पडला. एलईडी पावसाळ्यापूर्वीच काढले. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो प्रकाश वाटेल तसा फाकतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला पावसात फक्त पांढरी भिंत दिसते. परत साधे ६०/५५ वॅटचे बल्ब लावले, पण रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. माझ्या बल्बपाशी मीटरवर ११ च्या थोडं वर दिसत होतं. रिले लावून, फ्यूज टाकून बॅटरीवरून जाड वायर थेट नेल्यावर साडेतेरा. तेच बल्ब, पण परशुराम घाटात जुलैच्या रात्री रस्त्याची कड दिसते. खर्च बाराशे रुपये.

गंज हा कोकणातल्या जुन्या गाडीचा खरा मालक, आपण भाडेकरू. पावसाळा संपल्यावर गाडी उचलून बघितली तर डाव्या थ्रेशोल्डमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, बोट जाईल एवढं भोक. कारण शोधलं तर दारांच्या आणि थ्रेशोल्डच्या खालची पाणी जायची भोकं लाल मातीने बुजलेली. आता दर महिन्याला सायकलच्या स्पोकने ती मोकळी करतो, आणि फेरीबोटीवरून आलो की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुतो. तळाला जुनं इंजिन ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. मारू नका. ते ओघळून चाकांच्या सांध्यांतल्या बुशांच्या रबरावर जातं आणि रबर फुगून मऊ पडतं. माझे दोन बुश असेच गेले. रबरी मॅटखाली वर्तमानपत्र घातलं तर ओल कुठून येते ते लगेच कळतं.

अ‍ॅव्हरेज एसीशिवाय साडेचौदा, एसी लावून बारा-साडेबारा. एकूण खर्च एक लाख अडतीस हजार, त्यातले जवळपास चाळीस हजार निव्वळ हौसेचे आणि वाया. रस्त्यात बंद पडली एकदाच, लोट्याजवळ, आणि तोही कॉइलचा सैल झालेला टर्मिनल. या पैशांत बरी सेकंडहँड गाडी आली असती का? आली असती. बाबा तिच्यात बसले असते का, ते मात्र सांगता येत नाही.

उरलेल्या तक्रारी: मागचं डावं दार पावसात थेंब थेंब गळतं. पहिल्या पावसाला डिकीतून अजून पुराचा वास येतो, दोनदा शॅम्पू केला तरी. आणि मागच्या डाव्या दिव्याची काच चिकटपट्टीवर आहे. या मॉडेलची डावी काच कुणाकडे पडली असेल तर कळवा. उजव्या माझ्याकडे दोन आहेत, बदली करू.