शॉकवेव्हनंतरचा मुतखडा: नुसतं पाणी की जोडीला टॅम्सुलोसिन?

मुतखडा मला दोनदा झाला, दोन्हीदा शॉकवेव्हनेच, म्हणजे शरीराबाहेरून धक्क्याच्या लहरी देऊन, फोडला आणि दोन्हीदा नागपूरच्या उन्हाळ्यात. पहिल्यांदा उजवीकडे सात मिलिमीटरचा होता. तेव्हा भरपूर पाणी, आणि दुखलंच तर डायक्लोफेनॅक. दुसऱ्यांदा डावीकडे नऊचा. त्या वेळी याच्या जोडीला रोज रात्री जेवल्यावर टॅम्सुलोसिनची 0.4 मिलिग्रॅमची गोळी. खडे वेगळे, बाजू वेगळी, म्हणजे तुलना लंगडीच. पण नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून फाईल घेऊन निघालेला माणूस मला हेच विचारतो, "भाऊ, गोळी घेऊ का नको?"

नुसत्या पाण्याची बाजू काही कच्ची नाही. बारीक चुरा बऱ्याचदा आपला आपणच पडतो. पारा 45 च्या घरात असताना दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणं हीच मोठी कसरत. मी बाटलीवर पेनाने खुणा करायचो. कळा आल्या, एकदा रात्री इंजेक्शन घ्यावं लागलं. ते सोसलं.

सोसलं नाही ते शेवटचं दोन बोटं अंतर. चुरा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन अडला आणि दर वीस मिनिटांनी जोराची लागायला लागली. जावं तर चमचाभर. परत येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायची, सिनेमा-लग्नाला नाही म्हणायचं. असे नऊ दिवस. कळ आली तर लोक पाणी तरी विचारतात. हे कोणाला सांगता!

टॅम्सुलोसिन मूत्रवाहिनीचा, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीचा, नेमका तोच खालचा भाग सैल करतं. औषध मूळचं प्रोस्टेटचं. पत्रक वाचून बायको म्हणाली, "अहो, हे तर म्हाताऱ्यांचं दिसते." दुसऱ्या वेळी ती सारखं लागण्याची भानगड जेमतेम दीड दिवस टिकली, आणि लघवी गाळायला घेतलेल्या चहाच्या जुन्या गाळणीत बाजरीएवढे करडे कण दिसू लागले. गोळीमुळेच, असं छातीठोक म्हणणार नाही. ब्रिटनमधली 1167 जणांची चाचणी 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, तिच्यात काही फायदा दिसला नव्हता. मात्र ती मूत्रवाहिनीत आपोआप उतरलेल्या खड्यांची होती, शॉकवेव्हनंतरच्या चुऱ्याची नाही.

त्रास आहेच. सकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरायला वाकलो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली; भिंत धरली म्हणून वाचलो. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही. पुरुषांमध्ये स्खलन कोरडं होऊ शकतं, गोळी थांबवली की बहुधा पूर्ववत होतं. सिलोडोसिन हे याच जातीचं, पण ही तक्रार त्यात जास्त, म्हणून मी तिकडे गेलो नाही. आणि थंडी वाजून ताप आला तर गोळी-पाणी दोन्ही बाजूला ठेवून, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

चुरा अगदी रेतीसारखा असेल तर कदाचित पाण्यावरही भागेल. तुकडे जरा मोठे राहिले असतील तर मी डॉक्टरांकडे गोळीचा विषय स्वतःहून काढीन. दोन-चार आठवड्यांचाच प्रश्न असतो. तेवढे दिवस कूलर पोराला भरू द्यायचा.